निर्बंध लागू, ए.सी. वगळून

जगात कुठेही काही पेटलं की आमच्या कॅम्पात पहिली खबर काकांना लागायची आणि दुसरी काकांकडून आम्हाला. टीव्ही, वर्तमानपत्रं मागाहून यायची, पण त्यांचं काम काकांना दुजोरा देण्यापुरतं.

सौदीतल्या रास तनुराच्या रिफायनरीजवळ आमच्या कंत्राटदार कंपनीचा कॅम्प होता. पत्र्याच्या लांबलचक खोल्या, मधोमध मेस, कडेला मशीद आणि फाटकाबाहेर वाळू. मी नाशिकहून गेलेला, वर्षभरापूर्वी लागलेला इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर. काका मुख्य स्टोअरचे प्रमुख, मूळचे गुहागर तालुक्यातले. गल्फमध्ये बावीस वर्षं काढलेली. आम्ही मराठी पोरं त्यांना काका म्हणायचो, बाकीचा कॅम्प चाचा म्हणायचा. फिलिपिनो लोकांना तर ते त्यांचं नावच वाटायचं. त्यांच्यातल्या एका कारकुनाने गेटपासवर तसं छापूनही दिलं होतं, आणि त्या पासवर काका चार महिने आत-बाहेर करत होते.

स्टोअरमध्ये त्यांच्या खुर्चीमागे जगाचा नकाशा होता. पाइपांवर खुणा करायच्या रंगीत मार्करने त्यांनी देश रंगवलेले. लाल म्हणजे खोडकर, पिवळे म्हणजे भरवशाचे नाहीत, हिरवे म्हणजे भले पण कामाचे नाहीत. सौदी मात्र कोरा. विचारलं तर म्हणाले, "जेवतो त्या पानाला रंग लावायचा नसतो."

देशांविषयी ते आपल्या वाडीतल्या भाऊबंदांविषयी बोलावं तसं बोलत. जर्मनी म्हणजे एकुलता कमावता पुतण्या, म्हणून त्याला कोणी बोलत नाही. इंग्लंडने वाटणी मागून घेतली, पण जेवायला अजून माजघरातच येतं. रशिया थोरला, घर मोडल्याचं दुःख त्याच्या मनातून जात नाही, म्हणून येता-जाता धाकट्यांची कुंपणं हलवतो. गिऱ्हाईक काउंटरवर पाइपाच्या सांध्यात बसवायचं गॅस्केट मागत उभं असायचं आणि काका त्याला सायप्रसचा प्रश्न समजावून द्यायचे. गॅस्केट मिळायचं, पण प्रश्न पुरता कळल्यावर.

एकदा मी त्यांना विचारलं, "काका, हे पुढारी कधी चिंता व्यक्त करतात, कधी तीव्र चिंता. दोन्हींत फरक काय?"

"चिंता म्हणजे मी तुझ्यासाठी काही करणार नाय."

"आणि तीव्र चिंता?"

"म्हणजे मी काही करणार नाय, हे तुलाही ठाऊक आहे."

हे सगळं ज्ञान ते कॅम्पात वापरत असत. मेसमध्ये एक हैदराबादी आचारी होता. त्याने एके दिवशी माशाच्या कालवणात कसुरी मेथी घातली. गुहागरच्या माणसाला हे युद्धाचं कारण पुरे. काकांचा स्टीलचा पेला मेसच्या फळीवर असायचा. तो उचलून ते खोलीवर घेऊन गेले आणि मला म्हणाले, "राजदूत माघारी बोलावला." अकरा दिवस संबंध तोडलेले होते. बाराव्या दिवशी त्यांना शंका आली की समोरच्याला हे कळलंच नसावं, म्हणून मला मागच्या दाराने कळवायला पाठवलं. आचारी कांदा चिरत होता. म्हणाला, "कौन सा गिलास?" पुढे मेथीचा डबाच संपला. काकांनी तो विजय मानला आणि पेला फळीवर परत आला.

आम्ही हसायचो. पण काकांशिवाय आमचं पानही हलत नसे. इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, हरवला, गेटवरच्या पहारेकऱ्याने अडवलं, दम्मामच्या दवाखान्यात अरबीत बोलायचं झालं, की काका. ते ओरडायचे, जगाच्या राजकारणातला एखादा दाखला द्यायचे आणि काम करून टाकायचे.

त्या वर्षी मोठे कॉम्प्रेसर चालू करून द्यायला दोन तज्ज्ञ आले. एक रशियाचा ओलेग, दुसरा जॉर्जियाचा गिया. आधी दोघांनी कझाकस्तानात एकत्र काम केलेलं, त्यामुळे खोलीही एकच मागून घेतलेली. आपसात रशियन बोलायचे, आमच्याशी मोडकं इंग्रजी. ओलेग आडवा, अबोल आणि हातात पाना नसला की बेचैन. कॅम्पातल्या खोल्यांचे ए.सी. म्हणजे एक दुखणं होतं. देखभालवाल्याकडे तक्रार केली की तो महिन्याने येऊन ए.सी.कडे बघून जायचा. ओलेग ड्यूटीवरून आला की कोणाच्या ना कोणाच्या खिडकीत चढलेला असायचा. न सांगता, न बोलावता. आवाज बिघडलेला ऐकू आला की तो चढायचा.

गिया उलट. उंच, मिशाळ, बोलका. पहिल्या दिवशी स्टोअरमध्ये मी ओळख करून दिली, "हे आमचे चाचा." तो जो हसायला लागला तो थांबेचना. काकांचा चेहरा कठोर झाला. मला वाटलं, आता जॉर्जियाला लाल रंग. मग गियाने डोळे पुसत सांगितलं की त्यांच्याकडे द्राक्षांच्या चोथ्यापासून काढलेल्या कडक दारूला चाचा म्हणतात. पाजणाऱ्याच्या घरी उठून उभं राहून प्यायची. सौदीत येऊन पहिल्याच दिवशी चाचा भेटेल असं त्याला वाटलं नव्हतं.

काकांनी मार्कर उचलला आणि जॉर्जिया हिरवा केला. तेव्हापासून गिया त्यांना "मिस्टर चाचा" म्हणायचा आणि जेवायला त्यांच्याच टेबलावर बसायचा. काका त्याला लिंबाचं लोणचं द्यायचे. ते मलाही मिळत नसे.

ऑगस्टमधला शुक्रवार होता, सुट्टीचा. बाहेर अंगाची लाही होत होती आणि सगळा कॅम्प मेसच्या टीव्हीवर बीजिंगच्या ऑलिम्पिकचं उद्घाटन बघत होता. हजारो माणसं एकाच वेळी ढोल वाजवत होती. खालच्या पट्टीवर बातमी सरकत गेली की रशियाचे रणगाडे जॉर्जियात शिरले. एक पाकिस्तानी फोरमन ओरडला, "अमरीका पे हमला!" त्याला जॉर्जिया एकच ठाऊक होतं, अमेरिकेतलं. अर्धी मेस उभी राहिली. काकांनी सगळ्यांना खाली बसवलं आणि खुर्चीवर चढून भूगोल सांगितला.

मग हळूहळू सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. कोपऱ्यातल्या टेबलावर गिया आणि ओलेग शेजारी शेजारी बसले होते. मधे बुद्धिबळाचा पट. कोणीतरी आता प्याला फेकेल, असं आम्हाला वाटलं. खरं सांगायचं तर ढोलांपेक्षा आम्हाला त्यातच जास्त रस होता. गिया टीव्हीकडे बघत राहिला. ओलेगने पटावरच्या सोंगट्या एकेक करून डबीत भरल्या, डबी बंद केली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं उठून खोलीकडे गेले.

"काहीच झालं नाही," कोणीतरी निराश होऊन म्हणालं.

"होईल," काका म्हणाले. "आता जगाची प्रतिक्रिया येईल."

ती आली. युरोपातले पुढारी विमानात बसले, अमेरिकेने कडक शब्द वापरले, सगळ्यांनी चिंता व्यक्त केली आणि काहींनी तीव्र चिंता. पश्चिमेकडची मोठी संरक्षण आघाडी म्हणाली की जॉर्जिया आमचा मित्र आहे, फक्त सदस्य नाही. त्याने अर्ज केला होता, पण तो विचाराधीन आहे. काका संतापले. "असला कसला मित्र? दारात रणगाडा आला आणि हे अर्ज तपासतायत!"

रविवारी संध्याकाळी स्टोअरच्या मागे त्यांनी सभा घेतली. आम्ही चौदा जण होतो. काकांनी एक मसुदा लिहून आणला होता, इंग्रजीत (ते त्यांना लिहिता यायचं, बोलता नाही), वरती 'कॅम्प सॉलिडॅरिटी पॅक्ट' असं ठळक अक्षरात. त्यात पाचवं कलम असं होतं की एका सदस्यावरचं संकट हे सर्व सदस्यांवरचं संकट मानलं जाईल. आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. सही करताना छाती जराशी फुगली होती, हे नाकारत नाही.

दुसरा ठराव ओलेगवरच्या निर्बंधांचा. त्याच्या टेबलावर कोणी बसायचं नाही, त्याच्याशी कॅरम खेळायचा नाही, त्याला लोणचं द्यायचं नाही. लोणचं त्याला यापूर्वीही कोणी दिलं नव्हतं, पण ते लेखी हवं असा काकांचा आग्रह. सगळं एकमताने मंजूर होत होतं, इतक्यात मागून वेल्डर फोरमन म्हणाला, "चाचा, मेरा ए.सी. आधा खुला पडा है. कल ओलेग पंखा लगाने वाला है."

ऑगस्टचा महिना. कॅम्पात निम्मे ए.सी. ओलेगच्या हातून चालत होते आणि उरलेले बंद पडायच्या वाटेवर होते. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग मसुद्यात स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: "एअर कंडिशनर वगळून."

"युरोपसुद्धा रशियाचा गॅस घेणं थांबवणार नाय," ते म्हणाले. "तत्त्व आणि तापमान वेगळं ठेवायचं असतं."

निर्बंध सुरू झाले. तीन दिवस ओलेगला त्यांचा पत्ता नव्हता. आपल्या टेबलावर कोणी का येत नाही, हे त्याने मला विचारलं. भारतीयांचा कसला उपास आहे का, असंही विचारलं. मी हो म्हणालो. त्या संध्याकाळी तो माझ्या खिडकीत चढून ए.सी.ची जाळी धुऊन देत होता. आत मी खाटेवर बसलो होतो, आणि करारात राहून त्याला पाणी द्यावं की नाही याचा विचार करत होतो. पाणी दिलं. आतून खिडकीतून, बाहेर कोणी बघत नाही असं पाहून.

गियाची म्हातारी आई गोरी शहराजवळच्या एका खेड्यात एकटी राहायची. त्याच भागात बाँब पडत होते. फोन लागत नव्हता. रोज कामावरून आल्यावर गिया आणि ओलेग खोलीच्या पायरीवर बसायचे आणि दोघांच्या दोन फोनांवरून आळीपाळीने एकच नंबर लावायचे. एकाचं बोट दुखलं की दुसरा. काकांनी हे बघितलं आणि गियाला बाजूला घेतलं. मी दुभाषा म्हणून होतो.

"त्याला सांग, आम्ही हे सगळं याच्यासाठी करतोय. आणि हा मेला शत्रूच्या मांडीला मांडी लावून बसतो?"

मी जमेल तसं सांगितलं. गिया काकांकडे वळला.

"मिस्टर चाचा, ओलेगने बाँब नाही टाकला. ओलेग फक्त घोरतो."

काका फणकारले आणि स्टोअरकडे चालू लागले.

युद्ध थांबल्याची बातमी आली, तरी फोन लागेना. गियाच्या चेहऱ्यावरचं मांस उतरलं. शेवटी तो रजेचा अर्ज घेऊन ऑफिसात गेला. तिथे इजिप्तचा एक अधिकारी होता. वाईट माणूस नव्हता, पण नियमाबाहेर श्वासही घेत नसे. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. रजा व्हायला अजून आठ महिने. मुदतीआधी जायचं तर जामीन हवा, असं तो म्हणाला. कंपनीतल्याच कोणीतरी लिहून द्यायचं की हा परत येईल. तो परत येईपर्यंत जामीन राहणाऱ्याला देशाबाहेर जाता येणार नाही. "जामीन आणा, उद्या पासपोर्ट देतो. खलास."

गिया सरळ काकांकडे आला. काकांनी लगेच सभा बोलावली. मला वाटलं, चौदा सह्या आहेत, त्यातली एक पुरे.

वेल्डर फोरमनच्या घरी बांधकाम काढलेलं होतं. दुसऱ्याची बायको आजारी होती, अधूनमधून. तिसऱ्याला कंपनी बदलायची होती, पण ते त्याला कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून तो नुसताच खोकला. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो की बहिणीचं लग्न आहे. म्हणजे ठरत होतं. म्हणजे मुलगा बघत होते. हे लिहितानाही कान तापतात.

सगळे काकांकडे बघू लागले. मला ठाऊक होतं की त्यांचं पंधरा दिवसांनी तिकीट आहे. पाच वर्षं त्यांना गणपतीला घरी जाता आलं नव्हतं. या वर्षी रजा मंजूर होती, बॅग भरून पलंगाखाली ठेवलेली होती. गिया समोर उभा होता, हातात तो फॉर्म. काकांनी खिशातून करार काढला, चष्मा लावून पाचवं कलम वाचलं आणि घसा साफ केला.

"यात सदस्य असं म्हटलंय. गियाने यावर सही केलेली नाय. त्याचा अर्ज... विचाराधीन धरता येईल."

हे मला इंग्रजीत सांगायचं होतं. मी काय सांगितलं ते आता आठवत नाही. गियाला शब्द कळले असतील-नसतील, सूर कळला. "ओके, मिस्टर चाचा," म्हणाला आणि फॉर्मची घडी घालून निघून गेला.

अर्ध्या तासाने ऑफिसातून फोन आला. काका तेव्हा स्टोअरमध्ये एकटेच होते, मी बोल्ट घ्यायला तिथे गेलो होतो. फोन ठेवून ते म्हणाले, "सही झाली."

"कोणाची?"

"ओलेगची."

दुसऱ्या दिवशी गिया गेला. तिबिलिसीची विमानं बंद होती, म्हणून आर्मेनियामार्गे आणि पुढे गाडीने. निर्बंध कोणी उठवले नाहीत, पण त्या दिवसापासून ओलेगच्या टेबलावर माणसं बसायला लागली. आधी वेल्डर फोरमन, मग मी. काका आपलं ताट घेऊन खोलीवर जेवायचे. पंधरा दिवसांनी ते गणपतीला गेले.

महिन्याने परत आले ते वाळलेले. रमजान संपत आला होता. मला वाटलं, प्रवासाने दमले असतील. दोन-तीन दिवसांनी स्टोअरमध्ये स्वतःच बोलले.

"घरी सगळी हकिकत सांगितली मी. कौतुकाने सांगायला बसलो होतो. करार, निर्बंध, सगळं. बायकोने ऐकून घेतलं. मग विचारते, शेवटी सही कोणी केली? म्हटलं, त्या रशियनानेच. तर म्हणते, मग निर्बंध कोणावर घातले होते तुम्ही?"

"मग?"

"मग काय? चार दिवस बोलली नाय माझ्याशी. गणपतीत! आरतीला घंटा माझ्या हातातून काढून घेतली आणि शेजारच्याला दिली."

मी हसणार होतो, पण त्यांनी वर बघितलं नाही.

इकडे ओलेग अडकला होता. त्याचा करार सप्टेंबरअखेर संपला. ऑक्टोबरच्या शेवटी त्याच्या बायकोचं बाळंतपण होतं, पहिलंच. गिया आल्याशिवाय त्याला बाहेर पडता येत नव्हतं. गियाचे फोन आता यायचे. आई जिवंत होती. तळघरात लपून राहिली होती शेजारणींबरोबर. पण घराचं छप्पर जळून गेलं होतं आणि ऑक्टोबरपासून तिकडे थंडी पडायला लागते. गिया छप्पर घालत होता. लाकूड मिळत नव्हतं, सुतार मिळत नव्हता. ओलेग फोनवर त्याला कधीही "लवकर ये" म्हणाला नाही. फोन ठेवायचा आणि कोणाच्या तरी खिडकीत चढायचा. त्या महिन्यात उकाडा थोडा उतरला तरी त्याने सगळ्या कॅम्पाचे ए.सी. दुसऱ्यांदा उघडून स्वच्छ केले.

ईदची सुट्टी संपली त्या सकाळी काका मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. इंग्रजी लागेल."

ऑफिसात जाऊन त्यांनी अस्खलित अरबीत बोलायला सुरुवात केली. मला का नेलं होतं ते तेव्हा कळेना. आता वाटतं, साक्षीदार हवा होता त्यांना, किंवा पळून जावंसं वाटलं तर अडवणारा कोणी.

अधिकाऱ्याने दोनदा विचारलं. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "यांना नीट समजावा. जामीन बदलता येतो. पण यांची फायनल एक्झिट डिसेंबरात आहे. बावीस वर्षांनंतर घरी चाललेत. तो जॉर्जियन आला नाही, तर हे इथेच."

मी मराठीत समजावायला लागलो. काकांनी हात वर केला.

"कळलं मला. पेन दे."

"काका, तो खरंच नाही आला तर? तिकडे त्याचं घर पडलंय, आई आहे. उद्या म्हणाला, नाही येत—"

"येईल. छप्पर झालं की येईल. पावसाच्या तोंडावर घर उघडं टाकून आपल्याकडे कोण कामावर जातो? तसंच ते." त्यांनी सही केली. मग जाता जाता मला बजावलं, "आणि त्याला कोणी सांगायचं नाय हे. ओलेगलाही बोलू देऊ नको. छप्पर घालणाऱ्याला खालून हाका मारू नयेत. पाय घसरतो."

ओलेग तिसऱ्या दिवशी गेला. निघायच्या आधी तो काकांच्या खोलीत शिरला. काकांना वाटलं, निरोप घ्यायला आलाय. त्यांनी कपाटातून लोणच्याची नवी बरणी काढली. ओलेग मात्र सरळ खिडकीकडे गेला, ए.सी.ला कान लावून आवाज ऐकला, समाधानाने मान हलवली आणि मगच बरणी घेतली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. काका "बेबी, गुड, गुड" एवढंच म्हणाले. मुलगी झाली, हे पुढे आम्हाला कळलं.

डिसेंबर उजाडला. काकांची एक्झिटची तारीख आली आणि गेली. गियाच्या परतीच्या व्हिसाची मुदत दोनदा वाढवून घ्यावी लागली. कॅम्पात कुजबुज सुरू झाली की तो पळाला, चाचा फसले. घरून फोन आला की काकी विचारायच्या, "तुमचे ते पाहुणे आले का?" त्यांना हे सगळं पसंत होतं, पण गुहागरात नवऱ्याची वाट बघणाऱ्या बाईने ते फोनवर कबूल करायचं नसतं.

बदललं होतं ते एवढंच की काकांनी बातम्या सांगणं बंद केलं होतं. युरोपातले लोक रशियाशी पुन्हा वाटाघाटींना बसले, निर्बंधांचं कोणी नाव काढेना. मी मुद्दाम विषय काढला तर म्हणायचे, "असेल." नकाशावर बोल्टच्या साठ्याचा तक्ता टांगून ठेवला होता. गिऱ्हाइकाला गॅस्केट आता लगेच मिळायचं. लोकांना करमेनासं झालं.

जानेवारीत एके दिवशी दुपारी कंपनीची बस फाटकाशी थांबली आणि गिया उतरला. एकच बॅग. हात सुताराचे झाले होते, एक नख काळं पडलेलं. मी त्याला मिठी मारली. तो हजेरी द्यायला ऑफिसात गेला, मी काकांना हाक मारायला स्टोअरकडे धावलो. आम्ही ऑफिसात पोचलो तेव्हा अधिकाऱ्याने त्याच्यासमोर जामिनाचा कागद काढून ठेवलेला होता आणि गिया त्यावरची सही बघत होता.

"हे ओलेगचं नाव नाही," तो म्हणाला.

"ऑक्टोबरातच बदललं," अधिकारी म्हणाला. त्याने कागदावर रद्दचा शिक्का मारला आणि घड्याळाकडे बघितलं. दुपारच्या नमाजाची अजान सुरू झाली होती. "नमाजाची वेळ झाली. अर्ध्या तासाने या, मग चाचा, तुमचा एक्झिटचा फॉर्म बघू." त्याने आम्हाला बाहेर काढलं आणि दाराला कुलूप लावून तो मशिदीकडे गेला.

दाराबाहेर गिया काकांसमोर उभा राहिला. काकांनी विचारलं, "मदर?"

"मदर गुड. रूफ गुड."

मग अडखळत म्हणाला, "मिस्टर चाचा, ऑगस्टमध्ये तुम्ही नाही म्हणालात."

मी काहीतरी सावरून सांगावं म्हणून तोंड उघडलं. काकांनी मला थांबवलं. "जसं सांगतो तसं सांग त्याला," म्हणाले. "म्हणावं, ऑगस्टमध्ये मी घाबरलो."

मी सांगितलं.

"आणि ऑक्टोबरात?" गियाने विचारलं.

"ऑक्टोबरातही घाबरलो," काका म्हणाले. "पण आधी सही केली."

गिया हसला नाही. त्याने बॅग खाली ठेवली, बाहेरच्या बाकावर साचलेली वाळू तळहाताने पुसली आणि काकांना बसायला जागा करून दिली. अजून पंचवीस मिनिटं होती. दोघं तिथे शेजारी शेजारी बसले, ऑफिस उघडायची वाट बघत.